तीन विभागांची खंडेनवमी

भूशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं मन मोठं असणार, अशी आपली एक भाबडी समजूत असते. ज्याला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा कालपरवाचा वाटतो, तो एका मायक्रोस्कोपसाठी कशाला भांडेल? पण भांडतो. सोनाराला सोन्याची नसेल एवढी भूशास्त्राच्या विभागप्रमुखाला आपल्या मायक्रोस्कोपची काळजी, आणि तो कपाटात कुलूपबंद असला की त्याला विशेष शांत झोप लागते.

स्वप्ना चुरी हे ओळखून होती, कारण ती स्वतःच विभागप्रमुख होती. तरीही वसई गावातल्या आपल्या कॉलेजच्या रिकाम्या हॉलमध्ये ती तीन खोकी उघडून बसली, तेव्हा तिला घाम फुटला.

झालं होतं असं. विद्यापीठाच्या हद्दीतले भूशास्त्राचे तीन लहान विभाग अखेरच्या घटका मोजत होते. एक स्वप्नाचा, वसईतला. दुसरा दक्षिण मुंबईतला, जयवंत प्रभुदेसाई सरांचा. तिसरा पालघरच्या पलीकडचा, कृतिका संखेचा. तिन्हीकडची शेवटच्या वर्षाची मुलं एकत्र केली तरी एक टेम्पो भरला नसता. विद्यापीठाने उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं की तिघांनी मिळून एकच सामायिक प्रयोगशाळा चालवा, उपकरणं एका जागी आणा, एक प्रमुख नेमा. दसरा झाला की समिती येऊन बघेल. प्रयोगशाळा खरोखर चालत असेल तर उत्तम, नाहीतर पुढच्या वर्षापासून तिन्हीकडचे प्रवेश बंद.

प्रमुख कोण, यावर सरांचं आणि कृतिकाचं जमेना. कालपरवा लागलेल्या मुलीच्या हाताखाली मी काम करू का, असं सरांचं म्हणणं. मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या माणसाला आता कशाला खुर्ची, असं कृतिकाचं. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तसं प्रमुखपद स्वप्नाकडे आलं. हॉल वसईत रिकामा होता, हे आणखी एक कारण. लाभ कसला, गळ्यातली धोंडच ती.

प्रवेश बंद झाले असते तरी स्वप्नाची नोकरी गेली नसती. तिला वाणिज्य शाखेला पर्यावरणाचा पेपर शिकवायला बसवलं असतं आणि पगार चालू राहिला असता. पण विभाग गेला असता. याच विभागात ती शिकली होती. वसईजवळच्या उमेळ्याच्या वाडीत वाढलेल्या मुलीला, आपल्या विहिरीचं पाणी वर्षागणिक मचूळ का होतंय, हे घरातल्या कोणालाच सांगता आलं नव्हतं. ते याच विभागाने समजावून सांगितलं होतं. लग्नानंतर ती एव्हरशाईन सिटीत राहायला गेली, वाडीत इमारती उभ्या राहिल्या, एवढं एकच ठिकाण जसंच्या तसं उरलं होतं. ते आपल्या हातून, आपण प्रमुख असताना बंद पडावं, हे तिला मान्य नव्हतं.

आणि आता ही खोकी. सामायिक प्रयोगशाळेसाठी प्रत्येक विभागाने एक मायक्रोस्कोप द्यायचा ठरला होता. सरांकडून आलेल्या मायक्रोस्कोपची गोल फिरणारी तबकडी गंजून बसली होती, आणि ती फिरली नाही तर दगडातली खनिजं ओळखता येत नाहीत. कृतिकाने पाठवलेल्याचा दिवाच लागत नव्हता. तिसऱ्याच्या भिंगावर वसईच्या दमट हवेने बुरशी धरली होती, आत पाहिलं की सगळं धुक्यात.

"ही लॅब नाही गं, दवाखाना आहे," मर्सी म्हणाली. मर्सी तुस्कानो ही विभागातली दुसरी शिक्षिका, कंत्राटावरची, पण जिभेला कसलंही कंत्राट नसलेली. "तिघांनीही आपापलं भंगार काढलंय. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणून गप्प बसायचं का आता?"

स्वप्नाने तिसऱ्या खोक्याचं झाकण हळूच लावून टाकलं. बुरशीवाला मायक्रोस्कोप तिचाच होता. तिचा चांगला, चार प्राचार्यांच्या विनवण्या करून मिळवलेला, बाजूच्या स्टाफरूमच्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. लोकांची मुलं येणार, कोण कशी हाताळणार, आधी इतरांचं काय येतंय ते तर बघू, असा विचार तिने केला होता. बाकीच्या दोघांनीही नेमका तोच केला होता.

तिने सरांना फोन लावला. घसा साफ करून म्हणाली, "सर, तो तुमचा चांगला मायक्रोस्कोप आहे ना, तो मिळाला असता तर..."

"चुरी मॅडम, त्याला मी माझ्या मुलांनाही हात लावू देत नाही," सर शांतपणे म्हणाले. "मागे एकदा शेजारच्या विभागाला दिला होता. परत आला तो स्क्रू ढिला होऊन. तुमचा चांगला तुम्ही ठेवलाय ना तिथे?"

"बघते सर," असं काहीतरी पुटपुटून तिने फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं. कृतिकाला फोन करायचं धाडसच तिला झालं नाही. आपण नावाच्या प्रमुख आहोत, हे तिला त्या दिवशी चांगलंच कळलं.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण होता. सोमवारी मर्सी नव्या तांदळाची खीर डब्यात घेऊन आली आणि दुपारी दोघी स्टाफरूममध्ये खायला बसल्या. मर्सीच्या डोक्यातून भंगार मायक्रोस्कोपांचा विषय जात नव्हता.

"तुझे ते प्रभुदेसाई सर आमच्यात असते ना, तर काल आगेऱ्याला पोचट भाताची पेंढी घेऊन आले असते."

"नसती आणली गं. आणतं का कोणी?"

"नाहीच आणत," मर्सी म्हणाली. "सगळ्यात भरलेल्या लोंब्या नेतात माणसं. फादर आशीर्वाद देणार, सगळं गाव बघणार. तिथे किडकं भात नेऊन लाज कोण काढून घेईल?"

स्वप्नाचा चमचा डब्यातच राहिला. तिने मर्सीकडे असं पाहिलं की मर्सीला वाटलं, खिरीत खडा लागला.

"मर्सी, खंडेनवमी शुक्रवारी आहे ना?"

आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या पूजेचा दिवस. सुतार करवत मांडतो, रिक्षावाला रिक्षा धुऊन हार घालतो, आणि या तिन्ही विभागांतही तो दिवस पाळायची रीत जुनी. वर्षभर कुलपात असलेलं उत्तम यंत्र त्या दिवशी बाहेर निघायचं, त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाट. बाकी वर्षभरात पाहिला नसेल एवढा उजेड ते त्या एका दिवशी पाहायचं. मोडकं हत्यार मात्र पूजेला कोणी मांडत नाही.

त्याच संध्याकाळी स्वप्नाने दोघांनाही निरोप पाठवला. यंदाची पूजा तिन्ही विभागांनी मिळून वसईत करावी, आपापली हत्यारं आणावीत, तिन्हीकडची मुलंही असतील. मायक्रोस्कोप हा शब्द तिने जाणूनबुजून घातला नाही.

शुक्रवारी सकाळी तिने सगळ्यात आधी स्वतःचं कपाट उघडलं. फडकं सोडून मायक्रोस्कोप छातीशी धरून हॉलमध्ये आणला आणि मधल्या टेबलावर पाटावर ठेवला. आणताना तिला स्वतःचाच राग आला. हे महिन्यापूर्वी केलं असतं तर समितीच्या तोंडावर असली कारस्थानं करायची वेळ आली नसती.

कृतिका आली ती टेम्पोतून. दोन माणसांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक धूड जिन्यावरून वर चढवलं. प्लास्टिक काढलं तर आत दगडाचे पातळ काप करायचं मशीन. दगड कागदाहून पातळ कापला, काचेवर चिकटवला, की मगच तो मायक्रोस्कोपखाली पाहता येतो. तिन्ही विभाग असे काप बाहेरून विकत आणत होते, आणि इथे मशीन धूळ खात पडलं होतं.

"हे तुझ्याकडे होतं?" स्वप्नाने विचारलं.

"चार-पाच वर्षं झाली, मॅडम. माझ्या आधीच्या सरांनी घेतलं होतं. चालवलंच नाही कधी. बिघडलं तर माझ्यावर येईल ना," कृतिका खाली बघत म्हणाली. "पण चांगला मायक्रोस्कोप आमच्याकडे नाहीच, पूजेला दरवर्षी यालाच हार घालतो."

जयवंत सर टॅक्सीने आले. मायक्रोस्कोपची लाकडी पेटी त्यांनी डिकीत ठेवली नव्हती, सबंध वाट मांडीवर धरून आणली होती. अंगात रेशमी कुडता, कपाळाला गंध. पेटी उघडून त्यांनी मायक्रोस्कोप टेबलावर ठेवला, खिशातून रुमाल काढून पुन्हा एकदा पुसला, आणि मग त्यांची नजर शेजारच्या मायक्रोस्कोपवर गेली.

"हा नवा दिसतोय. कुठे होता?"

"कपाटात, सर," स्वप्ना म्हणाली. "तुमचा होता तसाच. बुरशीवाला मी दिला होता, मला लाज वाटते त्याची."

सरांनी आपला मायक्रोस्कोप थोडा सरकवून तिच्या मायक्रोस्कोपच्या रांगेत आणला.

पूजा छान झाली. मुलांनी झेंडूच्या माळा केल्या होत्या. मर्सीने तुंगारेश्वरच्या कातळावर वर्षानुवर्षं आपटलेला आपला हातोडा आणून मांडला आणि वर म्हणाली की याला आशीर्वादाची सर्वांत जास्त गरज आहे. आरती झाली, पेढे वाटले. सर पेटीकडे वळले, तेवढ्यात स्वप्ना साळसूदपणे म्हणाली,

"सर, आमच्या उमेळ्याकडे पूजेतलं हत्यार उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवत नाहीत."

"मग करा की उत्तरपूजा."

"ती सोमवारी सकाळी ठेवलीय."

सरांचा हात पेटीवरच थांबला. "सोमवारी समिती येते आहे."

"हो ना सर, तोच दिवस आलाय."

कृतिकाने हसू लपवायला तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. सगळ्या मुलांच्या देखत, निरांजन तेवत असताना, पूजेतली वस्तू उचलून चालू पडणं सरांच्या जिवावर आलं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला प्रमुख केलं ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही. कुलूप नीट लावा. आणि इथली हवा दमट आहे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा."

शनिवार-रविवार स्वप्नाचा जीव टांगणीला होता. दसऱ्याची आपट्याची पानं वाटतानाही तिच्या डोक्यात हॉलचं कुलूप. सरांचे फोन येत होते ते वेगळेच. पुड्या ठेवल्या का, खिडक्या बंद आहेत का, वरून गळत तर नाही ना. घोडं पाण्याजवळ आलं होतं, पण ते पिईल की नाही हे सोमवारीच कळणार होतं.

सोमवारी सकाळी उत्तरपूजा आटोपली आणि पाठोपाठ समिती आली. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, स्वतः आयुष्यभर डोंगर पालथे घातलेल्या. त्यांनी भाषणं ऐकायला साफ नकार दिला.

"मुलांना कामाला लावा. आम्ही बघतो."

तिन्ही कॉलेजांची मुलं दोन मायक्रोस्कोपांभोवती वाटून बसली. एका कोपऱ्यात कृतिकाचं मशीन घरघरू लागलं. कृतिका ते पहिल्यांदाच चालवत होती आणि मनातल्या मनात गणपतीला हाका मारत होती. सरांच्या मायक्रोस्कोपवर उन्नतीचा नंबर लागला. उन्नती ही स्वप्नाची विद्यार्थिनी, विरारहून येणारी, वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. स्वप्नाला हायसं वाटलं. हिच्या हातून काही चुकायचं नाही.

आणि नेमकं तिच्याच हातून चुकलं. वसईच्या मायक्रोस्कोपचं चाक पुढे फिरवलं की भिंग आणि काप एकमेकांपासून लांब जातात. सरांचा जुन्या बनावटीचा, त्याचं चाक उलट चालायचं. हे कोणाच्या लक्षात येणार? आजवर एका विभागाच्या मुलांनी दुसऱ्या विभागाच्या यंत्राला हात लावला असता तर ना. उन्नतीने सवयीने चाक पुढे फिरवलं. कर्र असा आवाज झाला.

कृतिकाने मशीन बंद केलं. भिंग सरळ कापावर जाऊन टेकलं होतं आणि काप मधोमध तडकला होता. उन्नती पांढरीफटक पडली. स्वप्नाला वाटलं, संपलं. सर आता पेटी मागवणार, समिती वह्या मिटणार, आणि विभाग इथेच, या आवाजाबरोबर बंद पडणार.

सर उठले. हळूहळू चालत आले, चष्मा वर करून भिंग तपासलं, बोटाने अलगद दाबून पाहिलं. भिंगाच्या टोकाला स्प्रिंग होती म्हणून ते वाचलं होतं.

अध्यक्षबाई जवळ आल्या. "प्रभुदेसाई, असं नेहमी होतं का?"

"नाही बाई, पहिल्यांदाच झालं," सर म्हणाले. "किती वर्षांत याला कोणी हातच लावला नव्हता. मग कसं होणार? माझ्या विभागात हा अगदी सुखरूप होता. विभाग काही सुखरूप राहिला नाही."

सरांनी स्टूल ओढलं, उन्नतीशेजारी बसले आणि तिचा हात धरून चाकावर ठेवला. "याचं उलटं आहे, बाळ. आपल्याकडे फिरव. कितीदा चुकलीस तरी चालेल."

"काप तुटला, सर," उन्नतीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नवा करू ना," कृतिका कोपऱ्यातून म्हणाली. तिच्या कुडत्यावर दगडाची पांढरट पिठी उडाली होती, चेहराही तसाच. "मशीन चालतंय. आपल्याच दगडाचा करू."

आणि मुलांनी तो केला. कृतिकाची मुलं दगड कापत होती, सरांची दोन मुलं तो काचेवर घासत होती, मर्सी मध्येमध्ये ओरडत होती की अजून जाड आहे, आणखी घासा. वेळ लागला, पण समिती उठली नाही. अध्यक्षबाई तर बाह्या सरसावून घासायला बसल्या. अखेर काप तयार झाला तेव्हा त्यांनी स्वतः तो मायक्रोस्कोपखाली ठेवला, पाहिलं, आणि मागे सरकल्या.

"पत्र यथावकाश येईल," त्या स्वप्नाला म्हणाल्या. "तोवर प्रवेश थांबवू नका. तिन्हीकडचे. आणि पुढच्या वर्षी अभ्यासक्रम छापताना शिकवायची वाटणीही तिघांनी मिळून करा. जे ज्याला उत्तम येतं ते त्याने सगळ्यांना शिकवायचं."

स्वप्नाने मान डोलावली. समिती जिना उतरून गेल्यावर ती जवळच्या स्टुलावर बसली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तिला एकाएकी खूप भूक लागली. मर्सीने तिच्या पाठीवर थाप मारली, ती हातोडा धरणाऱ्या हाताची असल्यामुळे चांगलीच लागली, आणि दोघी हसत सुटल्या.

पण एक गोष्ट अजून व्हायची होती, आणि हसता हसता स्वप्नाच्या ती लक्षात आली. उत्तरपूजा झाली होती. समिती येऊन गेली होती. आता कोणाला कशानेही अडवता येत नव्हतं. अडवायचंही नव्हतं, तिने मनाशी ठरवलं. एकदा डाव टाकला, तो चालून गेला. आता जे राहील ते राजीखुशीने राहावं.

तिने मागे वळून पाहिलं. सर खिडकीजवळच्या बेसिनवर हात धूत होते. त्यांच्या मायक्रोस्कोपभोवती मुलांचा घोळका होता, त्यात कोण कुठल्या कॉलेजचं ते आता सांगता येत नव्हतं. उन्नती आत पाहत होती, चाक आपल्याकडे फिरवत. काळ्या कातळाच्या त्या कापात निळे, नारिंगी रंग पेटले असणार, कारण ती एकदम म्हणाली, "अरे, बघा ना हे," आणि उठून दुसऱ्याला जागा दिली.

सर हात पुसत टेबलाजवळ आले. घोळका आपोआप बाजूला झाला. मुलांना वाटलं, सर आता यंत्र पेटीत भरणार.

"सर, नेणार का?" उन्नतीने विचारलं. "फक्त दोघं राहिलेत बघायचे."

सरांनी रांगेत उभ्या असलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. दोघंही त्यांचेच विद्यार्थी होते. तीन वर्षं त्यांच्याच विभागात शिकत होते, आणि या मायक्रोस्कोपमधून आज पहिल्यांदा पाहणार होते.

"नाही नेत," सर म्हणाले. "बघू दे त्यांना."